गरिबी, सहीशिक्क्यानिशी

कोकणातल्या माणसाला आपली गरिबी नीटनेटकी मांडता येत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज घेणाऱ्या ‘महाडीबीटी’ पोर्टलने ही उणीव भरून काढली, त्याबद्दल शासनाचे जाहीर आभार. संगमेश्वरकडच्या वाडीतली मुलगी रत्नागिरीत बी.एस्सी.ला आली, की उत्पन्नाचा दाखला, अधिवास, बोनाफाईड आणि आधारला जोडलेलं खातं एवढं जमवताना तिचं निम्मं शिक्षण होऊनच जातं. ओटीपी बापाच्या मोबाईलवर येतो, रेंज सड्यावर येते. त्यामुळे बापाचाही व्यायाम होतो.

या शिष्यवृत्ती योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. महाराजांनी 1902 मध्ये नोकऱ्यांतल्या 50 टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवण्याचा हुकूम थेट गॅझेटात छापून टाकला. ना कॅप्चा, ना स्वसाक्षांकित प्रत. इतकी घाई आजच्या प्रशासनाला शोभली नसती.

आमची एक नम्र सूचना. झेरॉक्स, एसटी आणि बुडालेली रोजंदारी यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र ‘अर्जदार शिष्यवृत्ती’ सुरू करावी. अर्ज त्याच पोर्टलवर. पात्रतेची अट एकच: पहिली शिष्यवृत्ती मिळत असल्याचा दाखला.

इच्छुकांनी तोवर पूर्ण फी भरून ठेवावी.