शिट्टीला नमस्कार

उन्हाळ्याच्या सुट्टीत नायगाव, देगलूर, मुखेड या पट्ट्यात सकाळी आठलाच मैदान तापते, तरी शिबिरे भरतात आणि पालक पोरांना घेऊन हजर होतात. कडेला खुर्चीवर एखाद्या कॉलेजचे पीटीचे सर असतात. पोरगं त्यांच्या नजरेत भरावं म्हणून पालकांनी जे शास्त्र घडवले आहे, त्याची दखल विद्यापीठाने अजून घेऊ नये हा अन्यायच आहे. धावण्याआधी सरांच्या पाया पडावे, धावून आल्यावर पुन्हा पडावे. दम लागलेला असला की दुसरा नमस्कार जास्त भावपूर्ण दिसतो. सरांच्या मोटारसायकलीला सावली शोधून द्यावी. फक्की मारायला पुढे व्हावे, पण रेघ थोडी वाकडी ओढावी, म्हणजे सर नाव तरी विचारतात. टी-शर्टवर अकादमीचे नाव हवेच. अकादमी हवीच असे काही नाही. समारोपाच्या फोटोत मात्र प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यामागे उभे राहावे. शंभर मीटरला शेवटून दुसरा आलेला मुलगाही तिथे उमदा खेळाडू दिसतो.

या खटाटोपाला हसणे सोपे आहे, पण पोरांचा हिशेब चुकलेला नाही. दहावी-बारावीला खेळाचे 25 पर्यंत वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. कॉलेजच्या संघात नाव लागले तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ, मग राज्यातल्या विद्यापीठांची अश्वमेध स्पर्धा, अशी शिडी लागते. एवढे सगळे ज्या शिट्टीच्या दोरीला बांधलेले आहे, तिला नमस्कार होणारच. काहींनी तर मैदानाचाच वळसा टाळला. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघड झाली, त्यांत ट्रॅम्पोलीनची प्रमाणपत्रेही निघाली. हा खेळ मराठवाड्यातल्या किती गावांनी पाहिला असेल, ते विचारू नये.

माझे म्हणणे एवढेच की छाप पाडण्याचा धंदा जिथे मोजमाप नसते तिथेच चालतो. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत उंची-वजन घेतात, 30 मीटर आणि 800 मीटर पळवतात, उभ्याने उडी मारायला लावतात, मेडिसिन बॉल फेकायला देतात. नमस्काराचा रकाना त्या तक्त्यात नाही. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटरचे 20 गुण, 100 मीटरचे 15, गोळाफेकीचे 15. म्हणूनच भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे रस्त्यावर घाम गाळताना दिसतात, साहेबांच्या बंगल्यासमोर नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनला राहिला, लष्कराच्या क्रॉस कंट्रीत पळू लागला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8:11.20 अशी वेळ देऊन त्याने रौप्य घेतले. सुवर्ण 5 शतांश सेकंदांनी हुकले. त्या 5 शतांशांत नमस्कार कुठे बसवायचा, ते शास्त्रज्ञांनी सांगावे. नायगावच्या शेजारच्याच मुखेड तालुक्यातली, होनवडजची भाग्यश्री जाधव मोठ्या वयात गोळाफेकीकडे वळली आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा ध्वज तिच्या हाती होता. गोळा किती लांब गेला हे तिथे टेपने ठरते.

यावर सर मंडळींचे उत्तर तयार असते: स्वभाव घड्याळात दिसत नाही, शिस्त टेपने मोजता येत नाही. अगदी खरे. हरल्यावर पोरगं कसं वागतं, चुकलेल्या सोबत्यावर ओरडतं की त्याला उठवतं, हे पाहावेच लागते. पण त्यासाठी पोरांकडे बघावे लागते. शिबिराच्या दिवसांतून उद्घाटनाचा एक दिवस, पाहुण्यांच्या वाटेकडे डोळे लावण्याचा एक दिवस आणि सत्काराचा एक दिवस वजा केल्यावर जे उरते त्यात स्वभाव नाही, फार तर टी-शर्टचा रंग लक्षात राहतो. दुसरे लोक अमेरिकेचा दाखला देतात, तिथेही म्हणे पोरे कॉलेजच्या प्रशिक्षकांसमोर उन्हाळी शिबिरे करतात. करतात खरी. पण तिथल्या एनसीएए या संस्थेच्या नियमानुसार ही शिबिरे कोणालाही खुली ठेवावी लागतात, म्हणजे फी भरणारा प्रत्येक जण काही हेरलेला खेळाडू नसतो. आणि त्याच संस्थेच्या तिसऱ्या गटातली कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत. दाखला आणायचा तर अख्खा आणावा.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. नायगावच्या पोराला नांदेडची अकादमी परवडत नाही. शिबीरही गेले तर त्याला पाहणार कोण? म्हणून शिबिरे बंद करा असे मी म्हणत नाही. उलट ज्याच्याकडे ओळख नाही, टी-शर्ट नाही, फोटोत घुसायला खांदा नाही, त्याला तर आकड्याशिवाय दुसरा वकीलच नाही. तेव्हा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना आणि कॉलेजच्या सरांना विनंती आहे: पुढच्या मे महिन्यात पहिल्या आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलामुलीची धाव, उडी आणि फेक मोजा, आणि ती यादी नावानिशी पंचायत समितीच्या भिंतीवर चिकटवा. पाहुण्यांचा फ्लेक्स तिच्यावर येणार नाही एवढे पाहा.