गच्चीवरचा माल

अंबाडीची भाजी न खाल्लेला माणूस वाळूजच्या बजाजनगरात सहसा सापडत नाही. सापडलाच तर तो पुण्याहून ऑडिटला आलेला असतो आणि संध्याकाळी परत जाणार असतो. बाकी आम्ही सगळे जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलडाण्याकडून पोटासाठी वाळूजला आलेलो. एमआयडीसीतल्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत अंबाडीचा विषय काढून बघा. कण्या घालायच्या की तुरीची डाळ, उकडल्यावर पाणी फेकायचं की ठेवायचं, फोडणीचा लसूण ठेचायचा की चिरायचा, यावरून पगारवाढीच्या बोलण्यांपेक्षा जास्त आवाज चढतात. शिवाय ज्याच्या त्याच्या गावची अंबाडी सगळ्यांत आंबट.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण याच लोकांनी माझ्या गच्चीवरच्या अंबाडीला गांजा ठरवलं.

बी आईनं गावाहून आणलं होतं, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत. मी कुंडीचा विषय काढला तर ती हसायलाच लागली. "अंबाडी कुंडीत लावतेत का कुठं? तुरीच्या कडंनं मूठभर फेकायची. तिची ती येते." तूर नाही, कड नाही, शेत तर भावाच्या नावावर. शेवटी मशिनचा पार्ट पॅक होऊन आलेलं थर्माकोलचं खोकं घेतलं, त्यात माती भरली, आणि आईनं सवयीप्रमाणे मूठभर बी फेकलं. शेत एकराचं असो की खोक्याचं, मूठ तीच. खोकं ठेवलं पाण्याच्या टाकीखाली. उरलेल्या गच्चीवर सोसायटीच्या कपड्यांच्या दोऱ्यांचा ताबा आहे, आणि त्या ताब्याला सात-बारापेक्षा जास्त किंमत आहे.

रोपं उगवली आणि जी सुटली ती सुटलीच. दहावीनंतरच्या सुट्टीत पोरं एकदम उंच होतात, पँट घोट्याच्या वर जाते, आवाज नेमका कोणाचा ते कळत नाही, तशी ती दिसत होती. खोड दोऱ्याएवढं, वर इवलीशी पानं, आणि सगळी एका अंगाला झुकून टाकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघत उभी. झाडाला डोळे नसले तरी उजेडाचा हिशोब पक्का असतो. पानांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. भर उन्हात लाल प्रकाश भरपूर मिळतो. शेजारच्या पानांवरून उलटून किंवा त्यांच्यातून गाळून आलेल्या प्रकाशात लाल कमी आणि त्याच्या पलीकडचा अतिलाल जास्त. तेवढ्यावरून रोपाला कळतं की आजूबाजूला गर्दी आहे. मग खोड जाड करणं, मुळं पसरणं हे सगळं बाजूला, आधी उंची. इथे तर टाकीची सावली आणि आईची मूठ, दोन्ही एकदम.

हे मला त्या दिवशी इतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही. कारण तेवढ्यात तळमजल्यावरचे क्वालिटीवाले काका वर आले. काकांची सगळी नोकरी रिजेक्शन कमी करण्यात गेली आहे आणि निवृत्तीनंतर कमी करायला काही उरलेलं नाही. त्यांनी खोक्यापुढे बसकण मारली आणि 'व्हाय-व्हाय' सुरू केलं. रोपं लांबली का? उजेड कमी. उजेड कमी का? टाकीखाली ठेवली. टाकीखाली का? बाकी जागा नाही. जागा का नाही? दोऱ्या आहेत. दोऱ्या का आहेत? इथे त्यांची पत्नी कपडे काढायला वर आली आणि पाचवा 'व्हाय' तसाच राहिला. मूळ कारणापर्यंत न पोचलेला त्यांच्या कारकिर्दीतला हा एकच विषय असावा.

उपाय मात्र निघाला: मोठ्या कुंड्या. कुंड्या म्हणजे रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या, ज्या आमच्याकडच्या भंगारवाल्यांकडे मातीच्या कुंडीपेक्षा स्वस्त मिळतात आणि आदळल्या तरी फुटत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचे टूलरूमवाले भाऊजी ड्रिल घेऊन आले. बादलीच्या बुडाला भोकं पाडायची एवढंच काम. पण टूलरूमच्या माणसाला नुसतं भोक पाडता येत नाही. त्यांनी आधी मध्यबिंदू काढला, मार्करने वर्तुळ आखलं, समान अंतरावर खुणा केल्या आणि प्रत्येक भोकाच्या कडेची खरखरीत बर काढली. पाणी सांडण्याच्या भोकाची बर काढलेली बादली वाळूजशिवाय दुसरीकडे कुठे पाहायला मिळेल असं वाटत नाही.

मातीवरून थोडं भांडण झालं. नुसती काळी माती बादलीत घातली तर पाण्यानं गच्च बसते, सुकली की कडा सोडते आणि मधल्या फटीतून पाणी मुळाला न भेटताच खाली जातं. म्हणून तिच्यात शेणखत, रेती आणि कोकोपीट. काकांनी प्रमाण बादलीवर लिहून ठेवलं, शेजारी बॅच नंबर.

लावणीचं काम आईनं आपल्याकडे घेतलं, आणि तिथे मात्र सगळे गप्प बसून बघत होते. ऊन उतरल्यावर तिनं आधी खोकं भिजवलं. मग उलथन्यानं मातीचा गड्डा उचलून रोपं अलग केली, प्रत्येक रोप पानाला धरून, खोडाला हात न लावता. पान फाटलं तर दुसरं येतं. खोड चिमटलं तर रोपच गेलं. लांबलेलं रोप टोमॅटोचं असतं तर मानेपर्यंत पुरता आलं असतं, कारण टोमॅटोच्या खोडालाच मुळं फुटतात. अंबाडीचा स्वभाव तसा नाही. तिचं सोटमूळ सरळ खोल जाणारं, तिला घर बदललेलं मानवत नाही, म्हणूनच शेतात ती थेट पेरतात. आईनं ती जरा खोल लावली, बांबूच्या काडीला चिंधीनं सैल बांधली आणि दोन-तीन दिवस वरून गोणपाट धरायला लावलं. काही रोपांनी मान टाकली. काकांनी त्यांना रिजेक्शनचा लाल टॅग लावायचं सुचवलं. आईनं ती उपटून बकरीवालीला दिली.

उरलेल्यांनी उन्हात आल्यावर खोड धरलं. आणि मग पानं बदलली.

अंबाडीची पहिली पानं साधी, अखंड असतात. झाड वर चढत जातं तशी वरची पानं फाटत जातात: आधी तीन बोटं, मग पाच, कधी सात, लांब, निमुळती, कडेला करवतीचे दाते. पहिल्या नजरेला ते पान कशाचं वाटतं हे मी सांगायला नको. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसलाही तेच वाटलं होतं. १७५९ साली त्यानं या झाडाचं शास्त्रीय नाव ठेवलं हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांज्यासारखी जास्वंद. स्वीडनमध्ये बसून त्यानं लावलेला डाग अडीचशे वर्षांनी माझ्या गच्चीवर उमटला.

समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी फोटो काढला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आला तेव्हा खाली फक्त एवढंच होतं: 'टेरेसवर कोणाचा माल आहे?' त्याखाली हात जोडलेले, डोळे वटारलेले, आणि एकाचा चुकून वाढदिवसाचा केक. मी उत्तर टाकलं की ती अंबाडी आहे. दोन मिनिटांत सेक्रेटरी वर आले. चेहरा मोठ्या नोटिशीचा. "साहेब, आम्ही खेड्यातलेच आहोत. अंबाडी आम्हाला माहिती नाही का?"

माहिती होती ना. जुडीतली माहिती होती. कढईतली माहिती होती. ताटातली तर इतकी माहिती की तिच्यावर व्याख्यान देतील. उभी अंबाडी त्यांनी शेवटची पाहिली ती गाव सोडण्याआधी, आणि तेव्हाही तिच्याकडे कोण बघत होतं? गांज्याचं पान मात्र रोज समोर. टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर. ज्यानं आयुष्यात गांजा पाहिला नाही त्यालाही ते पान हजारात ओळखता येतं. पहिल्या मजल्यावरचा पोरगा तर तोच टी-शर्ट घालून माझा गुन्हा बघायला आला होता. त्याला कुणी काही बोललं नाही. तो कॉटनचा होता.

सेक्रेटरींनी कायदा वाचला होता. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या विसाव्या कलमानुसार गांज्याचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ते खरंच आहे, आणि झाड कुंडीत आहे की शेतात याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. तुरीत, उसात, हळदीत मधेच गांजा लावलेला पोलिसांनी पकडला अशा बातम्या अधूनमधून पेपरात येतात, त्याही त्यांनी दाखवल्या. योगायोग बघा: वाळूजचा बजाजचा कारखाना सुरू झाला १९८५च्या नोव्हेंबरात, आणि हा कायदा लागू झाला तोही त्याच महिन्यात, १४ तारखेला. आमची वसाहत आणि आमच्यावरचं कलम एकाच पाळण्यातले.

त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी इंग्रजांनाही गांज्याचं काय करायचं हा प्रश्न पडला होता. १८९३ साली त्यांनी सात जणांचा आयोग नेमला, देशभरातून हजारावर साक्षी घेतल्या आणि पुढच्या वर्षी अनेक खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष साधारण असा, की बेताने घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही आणि सरसकट बंदीची गरज नाही. सेक्रेटरींनी तिघांची समिती नेमली आणि चहा यायच्या आत निष्कर्ष काढला: सगळ्या बादल्या जप्त.

मी फरक सांगायला सुरुवात केली. गांज्याचं पान म्हणजे एका देठावर सुट्या सुट्या पर्णिका. अंबाडीचं पान एकच, फक्त खोल कापलेलं. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे असतात. समितीनं खोडाला हात लावायला नकार दिला, बोटांचे ठसे उमटतील म्हणून.

मग सेक्रेटरींनी आपल्या मेहुण्याला बोलावलं. मेहुणे 'खात्यात' होते. कुठल्या खात्यात ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, पण जिना ते ज्या तऱ्हेने चढले त्यावरून सगळे दोन पावलं मागे सरले. त्यांनी बादल्यांभोवती एक फेरी मारली. एक कोवळं पान खुडलं. मला वाटलं आता ते प्लास्टिकच्या पिशवीत जाणार. ते तोंडात गेलं. थोडा वेळ चावून त्यांनी डोळे मिटले.

"आंबट आहे," मेहुणे म्हणाले.

"म्हणजे?" सेक्रेटरी.

"म्हणजे दाजी, आज रात्री ताईला भाकरी करायला सांगा."

गांजा आंबट नसतो. कुठल्याही प्रयोगशाळेत न पाठवता, केवळ जिभेवर निकालात निघालेलं हे बहुधा एकमेव प्रकरण. ही चाचणी आईला पहिल्यापासून माहिती होती. "मग आधी कामून नाही सांगितलं?" मी विचारलं. "मला कुणी इचारलं का? समद्यांनी तुलाच इचारलं."

संकट खरं तर तिथून सुरू झालं. संशय असेपर्यंत माझ्या अंबाडीला कुणी हात लावत नव्हतं. निर्दोष सुटल्यावर सकाळी गच्चीवर गेलो की पानं कमी झालेली असायची. "वहिनी, कुणाला सांगू नका, थोडीच घेतली," असं माझ्या बायकोला सगळ्यांनीच सांगितलं. समितीतल्या एकानं कण्यांची भाजी डब्यात घालून परत आणून दिली, माझ्याच पानांची, वर माझ्या घरापेक्षा जास्त लसूण.

क्वालिटीवाल्या काकांनी या काळात अंबाडीचं वाचन वाढवलं होतं. एके दिवशी फोन नाचवत आले. परदेशात हिला केनाफ म्हणतात, तिच्या धाग्याचे तक्ते करून गाड्यांच्या आतल्या बाजूला बसवतात, बीएमडब्ल्यूच्या आय-थ्री या विजेच्या गाडीच्या दारांना तेच होतं. वाळूजमध्ये निम्म्या लोकांचा पगार गाड्यांच्या सुट्या भागांवर चालतो, त्यामुळे ही बातमी भाजीपेक्षा जास्त गांभीर्याने घेतली गेली. काल जी बादली जप्त होणार होती तिच्याकडे आज टूलरूमवाले भाऊजी व्हर्निअर घेऊन बघू लागले. आणि गंमत म्हणजे धाग्यासाठी अंबाडी मुद्दाम दाट पेरतात, म्हणजे फांद्या न फुटता ती सरळ उंच जाते. ज्या लांबलेपणावर आम्ही पाच 'व्हाय' विचारले तो भाजीवाल्याचा दोष आणि दोरवाल्याचा गुण. काकांनी हे मोठ्या मनाने मान्य केलं, पण लाल टॅगचा विषय काढला नाही.

गणपती झाले, दिवस लहान होऊ लागले तशी झाडं फुलली. फिकट पिवळं फूल, मधोमध गडद तांबडा डाग. माझ्यापेक्षा झाडं उंच झाली होती. आई म्हणाली, आता कापायची वेळ झाली. फुलावर आलं की कापायचं, मोळ्या बांधून पाण्यात भिजत घालायच्या, साल कुजून सुटली की वाख निघतो. त्या वाखाचे कासरे, वेसणी, पोळ्याला बैलाच्या अंगावर नवं सामान.

"आई, बैल कुठंय?"

"बैल नाही तर नाही. कपडे वाळू घालायला दोर होईल. ही नायलॉनची दोरी उन्हानं तुटते."

कपड्यांच्या दोरीचं नाव निघताच काकू लोकांची बैठक बसली आणि पहिल्यांदाच सोसायटीत एखादा ठराव एकमताने पास झाला. आता प्रश्न एवढाच राहिला की मोळ्या भिजत घालायच्या कुठे. पंधरा-वीस दिवस लागतात आणि कुजत्या अंबाडीचा वास लपत नाही. ओढा नाही, विहीर नाही. आई गच्चीवर चारी बाजूंनी फिरली, आणि टाकीपाशी येऊन थांबली. झाकण किती मोठं आहे ते तिनं हातानं मोजून पाहिलं.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की पिण्याच्या पाण्याच्या टाकीत कोणीही काहीही भिजत घालू नये. आंबट असले तरी.'