शटर अर्ध्यावर थांबले पाहिजे

दुकानाला शटर बसवणारा माणूस कारागिराला दोनच प्रश्न विचारतो: उघडते कसे आणि बंद होते कसे. दोन्ही प्रश्न बिनकामाचे आहेत. पूर्ण उघडलेले शटर गुंडाळून वरच्या डब्यात जाते. मग ते अठरा गेजचे की वीस, हाताने ढकललेले की मोटरने चढवलेले, याची चौकशी कोणी करत नाही. पूर्ण पाडलेले शटर म्हणजे भिंत, आणि भिंतीकडून उभे राहण्यापलीकडे काही अपेक्षा नसते. शटरची परीक्षा होते ती अर्ध्यावर. जालन्याच्या मोंढ्यापासून मंठ्या-परतूरच्या बाजारापर्यंत कुठेही पाहा, शटरचे जोखमीचे सगळे काम ते अर्ध्यावर असतानाच चालते. म्हणून शटर, ते चालवण्याची तऱ्हा आणि त्याला लावायच्या वस्तू या तिन्हींची निवड अर्ध्या शटरच्या हिशेबानेच करावी, एवढेच या मार्गदर्शनाचे म्हणणे आहे.

पुरावा दिवसाच्या क्रमाने घेऊ. सकाळी दुकान उघडते ते आधी अर्धेच. झाडलोट, पाण्याचा शिडकावा, देवाला उदबत्ती आणि गल्ल्याला नमस्कार होईपर्यंत गिऱ्हाइकाने वाकून आत डोकावू नये असा संकेत आहे, आणि उधारी मागायला आलेला सोडून बाकी सगळे तो पाळतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी शटर अर्धे येते. आत पंखा आणि पंख्याखाली मालक. बाजारातून एखाद्याची अंत्ययात्रा निघाली की ती पुढे सरकेल तशी दोन्ही बाजूंची शटरे अर्धी खाली येतात आणि मागून पुन्हा वर जातात. यात विनोदाला जागा नाही, पण शटरने घ्यायचे धडे आहेत. ज्या शटरला या वेळी करकर आवाज न करता खाली येता येत नाही, त्याने गल्लीची लाज घालवली असे समजावे. मृग जवळ आला की बियाण्यांच्या दुकानांचा हंगाम. जालना हे बियाण्यांचे गाव, महिको ही बियाणे कंपनी इथेच 1964 मध्ये उभी राहिली. तरीही ज्या वाणाला मागणी जास्त, ते वाण ऐन जूनमध्ये ‘संपलेले’ असते आणि जे संपलेले आहे त्याची चौकशी अर्ध्या शटरखालूनच होऊ शकते. मार्च 2020 नंतरच्या टाळेबंदीत तर किरकोळ व्यापाराचा मोठा भाग जमिनीपासून दीड-दोन फुटांच्या फटीतून झाला. त्या काळात राज्याचे आरोग्यमंत्री याच जिल्ह्यातल्या घनसावंगीचे आमदार राजेश टोपे होते. नियम रोज टीव्हीवर सांगितले जात होते आणि ते ऐकत ऐकत शटर नेमके किती वर ठेवायचे याचा अंदाज दुकानदार बांधत होते.

उंचीलाही अर्थ असतो, म्हणून मोजपट्टीशिवाय ऑर्डर देऊ नये. शटर गुडघ्याएवढे वर असेल तर आत हिशेब चालू आहे, आणि ओळखीच्यानेही बाहेरूनच आवाज द्यावा. कमरेएवढे असेल तर माल मिळेल, मात्र भाव करायचा नाही. छातीएवढे असेल तर मालक जेवायला गेला असून नोकर आत आहे. त्याला भाव ठाऊक नसतो, आणि ठाऊक असला तरी तो सांगत नाही. ही भाषा बोलायची तर शटरला या तिन्ही उंचींवर कोणी न धरता थांबता आले पाहिजे, आणि इथून पुढे तांत्रिक भाग सुरू होतो.

हाताने चालणाऱ्या शटरचा जीव वरच्या पाइपावर बसवलेल्या स्प्रिंगमध्ये असतो. शटर खाली ओढताना स्प्रिंग पिळली जाते आणि वर ढकलताना तोच पीळ वजन उचलायला मदत करतो. सव्वा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे दहा किलो भरतो. म्हणजे दहा फूट बाय आठ फुटांच्या शटरमध्ये पट्टीच्या घड्या न धरताही सत्तर किलोंच्या वर लोखंड लोंबकळते. ते सकाळी एका हाताने वर जाते, यात पहिलवानकी नसून सगळी स्प्रिंगची कमाई असते. शटर जसजसे वर गुंडाळले जाते, तसतसे खाली लोंबणारे वजन घटते आणि स्प्रिंगचा पीळही सुटत जातो. दोन्ही एका चालीने कमी झाले तर शटर सोडू तिथे थांबते. स्प्रिंग थकलेली असेल तर ते अर्ध्यावरून खाली येते, तेही बहुधा गिऱ्हाईक वाकलेले असताना. पीळ जास्त भरला असेल तर कमरेला ठेवलेले शटर आपोआप डोक्यावर जाते आणि बंदच्या दिवशी दुकान उघडे ठेवल्याचा ठपका येतो. तेव्हा गेजची घासाघीस करण्याआधी स्प्रिंगची करावी. गेजच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवायचे की आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: अठरा गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, वीस गेज त्याहून पातळ. ‘अठरापेक्षा वीस मोठे’ या हिशेबाने वीस मागून घेणाऱ्याला कारागीर कधीही अडवत नाही.

इथे स्थानिक अभिमानाचा आक्षेप येईल. जालना पोलादाचे शहर, मग बाहेरून शटर का आणावे? आक्षेप रास्त आहे, पण लोखंडालोखंडात फरक असतो. जालन्याच्या भट्ट्या आणि रोलिंग मिलची ख्याती आहे ती बांधकामाच्या सळईसाठी. शटरची पट्टी निघते सपाट पत्र्याच्या गुंडाळीतून, आणि तो धंदा वेगळा. म्हणजे दुकानाच्या स्लॅबमध्ये जालना असू शकते, शटरमध्ये असेलच असे नाही. मात्र सळईची जाहिरात शटरवर रंगवून घ्यायला हरकत नाही, तशी पद्धतच आहे. पूर्ण शटरभर रंगवलेली जाहिरात दुकान बंद असतानाच वाचता येते, म्हणजे माल मिळणार नाही अशा वेळी मालाची शिफारस. म्हणून कंपनीचे नाव खालच्या अर्ध्या भागात घ्यावे. वरचा अर्धा डब्यात असताना गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर तेच लोंबत राहील, आणि खालून दुकानही चालू.

आता चालवण्याचे पर्याय. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत दहा चौरस मीटरपेक्षा मोठ्या शटरला साखळी-हँडलची यंत्रणा जादा बाब म्हणून धरलेली असते. लहान शटर हाताने, मोठे साखळीने, हा सरकारी विवेक आहे आणि तो आपल्या सिद्धान्ताला पूरक आहे, कारण साखळी आकड्यात अडकवली की शटर असेल तिथे राहते. गोदामाला, जिनिंगला, मोंढ्यातल्या आडतीला हेच घ्यावे. साखळीचा एकच दोष, अंत्ययात्रेच्या वेगाने ती खाली येत नाही. पण गोदामे सहसा त्या रस्त्यावर नसतात. मोटरच्या बाजूने बोलणारे म्हणतात की जमाना रिमोटचा आहे. असेल. मोटरच्या शटरला दोन लिमिट स्विच असतात, एक वर आणि एक खाली. म्हणजे यंत्राच्या समजुतीप्रमाणे जगात दोनच अवस्था आहेत, आणि बाजारातली कुठलीही अडचण त्या दोहोंत बसत नाही. मधे थांबवायचे तर बटणावर बोट ठेवून उभे राहावे लागते आणि त्याच वेळी रस्त्यावर कोण येते आहे तेही पाहावे लागते. वीज गेली की शटर जिथे आहे तिथेच अडकते. ते उघडे असेल तर रात्री मालकाचा मुक्काम दुकानात. तरीही मोटर घ्यायचीच असेल तर हाताने फिरवायची साखळी किंवा हँडल सोबत आहे ना, हे पाहावे आणि ते हँडल दुकानाच्या आत ठेवू नये. हा सल्ला विनोदी वाटतो, पण शटर बंद असताना वीज गेली की वाटेनासा होतो.

कुलपांच्या बाबतीत चोरांचे मत विचारात घेण्यासारखे आहे. ‘शटर उचकटून चोरी’ ही बातमी वाचकांना पाठ झाली आहे. रुंद शटरची दोन्ही टोके कुलपांनी जखडलेली असतात आणि मधली तळपट्टी मोकळी राहते, म्हणून पहार घालणारा मधेच घालतो. शटरचे मर्म मधे आहे हे त्या व्यवसायाने कधीच ओळखले. मालकाने तिथे सेंटर लॉक लावून त्याला दुजोरा द्यावा. तळपट्टीला रबर लावतात ते धूळ आणि पावसाचे पाणी अडवायला, पण त्याचा मोठा उपयोग कपाळांना होतो. बाजूच्या चॅनेलला कमरेच्या उंचीवर भोक पाडून एक लोखंडी पिन घालण्याची सोय मात्र तयार शटरसोबत सहसा मिळत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून ती करून घ्यावी. थकलेल्या स्प्रिंगपासून माणसाचे डोके वाचवणारी एवढी स्वस्त वस्तू दुसरी नाही.

कायदा मानणारे शेवटी विचारतील की अर्धे शटर ही पळवाट नव्हे काय. बंद पाळायचा तर पाळा, धंदा करायचा तर करा. हे बोलायला सोपे आहे. 1948 च्या जुन्या दुकाने कायद्यात दुकान केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे याच्या वेळा बांधलेल्या होत्या. 19 डिसेंबर 2017 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने, काही अपवाद वगळता, दुकान बारा महिने चोवीस तास उघडे ठेवायची मुभा दिली. अट एवढीच की कामगाराला आठवड्याची सुटी मिळाली पाहिजे. अर्धे शटर दोन्ही कायद्यांच्या काळात तसेच राहिले, यावरून त्याचे दुखणे सरकारी वेळांत नव्हते हे उघड आहे. ते असते ते बंद पुकारणारा ओळखीचा आणि माल मागणारा नात्यातला, या पेचात. दोघांचेही मन राखणारी दुसरी वस्तू हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही.

एका आक्षेपापुढे मात्र सिद्धान्ताने माघार घ्यावी. आत माणसे असताना, रात्री मोजदाद चालू असताना किंवा कामगार मुक्कामाला असताना शटर पूर्ण पाडून बाहेरून कुलूप लावणे हे कुठल्याही कारणाने समर्थनीय नाही. आग लागली तर वाकडे झालेले शटर आतून उचलता येत नाही, आणि मोटरची वीज बहुधा सर्वांत आधी जाते. अशा जागेला मागे साधे, बाहेर उघडणारे दार असलेच पाहिजे, आणि त्यापुढे पोती रचू नयेत. इथे पैसे वाचवणाऱ्याला मार्गदर्शन देण्यासारखे काही नाही.

बाकी खरेदीत एकच चाचणी पुरते. कारागिराचा शेवटचा हप्ता खिशात ठेवून शटर कमरेपर्यंत आणावे, पाय बाजूला घ्यावा आणि हात सोडावा. ते वर गेले किंवा खाली आले, तर हप्ता खिशातच राहू द्यावा.