दोनशे पंचावन्नवाला दादा

नाशिकजवळच्या एकलहऱ्यात पंपाचं कौतुक कुणाला नाही. औष्णिक केंद्राच्या वसाहतीतली कितीतरी घरं बॉयलरला पाणी पाजणाऱ्या फीड पंपांच्या जिवावर चालली. २१० मेगावॅटच्या संचांच्या सावलीत वाढलेलं पोरगं पंपांवर बोललं तर नवल नाही. पण दादा दुसऱ्या कशावर बोलतच नाही.

दादाकडे जुनी एस्टीम आहे. ८५ अश्वशक्तीची, तीही नवी होती तेव्हा. नाशकात रॅली ऑफ महाराष्ट्र भरायची, एवढ्या भांडवलावर तो स्वतःला रॅलीवाला समजतो. रॅलीत कधी उतरला नाही. सामनगाव रस्त्यावरच्या खड्ड्यांत मात्र रोज उतरतो.

कुणाची गाडी झटके द्यायला लागली की दादाचं निदान तयार: "पंप गेलाय भो. दोनशे पंचावन्नचा टाक." म्हणजे ताशी २५५ लिटरचा. गाडी सुरू होत नाही? पंप. ॲव्हरेज पडलं? पंप. एसी गार करत नाही म्हणणाऱ्यालाही त्याने आधी पंपाचंच विचारलं.

हिशेब करणं त्याला कमीपणाचं वाटतं. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना एका अश्वशक्तीमागे तासाला जेमतेम पाव किलो पेट्रोल पितं. ८५ अश्वशक्तीला झाले साधारण २८ लिटर. वर राखीव म्हणून दहा धरा. दादाचा पंप मात्र २५५ लिटर ओढायला बसलेला. इंजिन आपल्या भुकेपुरतं घेतं आणि बाकीचं पेट्रोल रिटर्न नळीतून तापून टाकीत परत. फुकटची प्रदक्षिणा! पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून तर दादाला चेवच चढलाय. इथेनॉलमुळे इंधन थोडं जास्त लागतं हे खरं. पण ते सात-आठ टक्के. दादा सांगतो तेव्हा दुप्पट होतं.

त्याला गप्प करणारा एकच माणूस: फीड पंपावर नोकरी करून निवृत्त झालेले शेजारचे काका.

"दोनशे पंचावन्न, पण किती दाबाला?"

"खोक्यावर लिहिलंय ना काका!"

"अरे, दाब वाढला की पंपाचा पुरवठा घटतो. तीन बारला मिळतो तेवढा पाच बारला मिळेल का? उद्या टर्बो बसवलास तर रेग्युलेटर दाब वाढवणारच. आणि पंपाला व्होल्टेज किती पोहोचतं? वायर कुठली टाकलीस?"

इथे दादा चहा सांगतो.

तेव्हा गाडी चढावर दम टाकत असेल तर आधी फिल्टर बदला. दाबाचा गेज लावून बघा, रिले आणि वायरी तपासा. टाकी कायम तळाला ठेवू नका, टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. एवढं करूनही भागलं नाही तर खुशाल दादाला भेटा. त्याच्याकडे दोन पंप विकायचे आहेत.