भाजी निवडायची सुट्टी

मुसळधार पावसामुळे शाळेला सुट्टी जाहीर झाली की घरात सगळ्यात खूश माणूस असतो साडेतीन फुटांचा, आणि सगळ्यात धास्तावलेले असतात त्याचे आजोबा. मुलगा आणि सून आपापले लॅपटॉप घेऊन दारं लावून घेतात. बाहेरच्या खोलीत उरतो मी, चार वर्षांची नात आणि संध्याकाळपर्यंतचा अख्खा दिवस.

सुरुवात पत्त्यांनी होते. भिकार-सावकार हा खेळ ज्याने काढला, त्याला नातवंडं नसावीत. या खेळाला बुद्धी लागत नाही, कौशल्य लागत नाही, फक्त उरलेलं आयुष्य लागतं. मी हरायला एका पायावर तयार असतो, पण तेही आपल्या हातात नाही. हातात शेवटचा पत्ता राहतो, सुटलो एकदाचा म्हणून तो टाकावा, तर नेमका तोच जुळतो आणि सगळा ढीग परत माझ्या मांडीवर.

मग सापशिडी. हिचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. त्याचं श्रेय परंपरेने ज्ञानेश्वरांना दिलं जातं. त्यात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. आमच्या पटावर नात सापाच्या तोंडाशी आली की जाहीर होतं, "आबा, हा साप झोपलाय." माझ्या वाटेवरचे साप मात्र टक्क जागे. तिला रोज दोनतीनदा मोक्ष मिळतो, मी क्रोधाच्या घरातच घुटमळतो.

मोबाइलचा आधार असतोच, पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगून ठेवलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात तासाभराहून जास्त पडद्यासमोर बसू नये. आमचा तो तास सकाळच्या पोह्यांबरोबरच संपलेला असतो. बॅटरीच्या खेळण्यांबद्दल न बोललेलं बरं. ती स्वतःच एवढी खेळतात की मुलाला बघत बसण्यापलीकडे काम उरत नाही.

खरी सुटका झाली ती कपड्यांच्या चिमट्यांनी. पावसाळ्यात घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर न वाळणारे मोजे. मी वैतागून मोज्यांच्या जोड्या लावत होतो, तर ही न बोलावता आली आणि रंगांप्रमाणे चिमटे लावायला लागली. किती तरी वेळ घरात आवाज नाही! ताराबाई मोडकांची आठवण झाली. बोर्डीला 1945 साली त्यांनी गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. आमचे प्लास्टिकचे चिमटे त्याच कुळातले समजायचे. मला तर वाटतं, मुलांना रमवायला गेलं की ती हमखास किरकिरतात, आणि आपण मुकाट्याने आपल्या कामाला लागलो की त्यांना त्यातच हात घालायचा असतो.

तेव्हापासून मी घरातली कामं वेगळ्याच नजरेने बघतो. कणकेच्या गोळ्याची चिमणी होते, चिमणीचं मांजर होतं, आणि शेवटी करड्या रंगाचं जे काही उरतं ते तव्यावर भाजून आबांनी खायचं असतं. लसूण सोलण्यात अर्धी सकाळ जाते. गवार तर वरदान! एका शेंगेचे पाच तुकडे, दुसरी अख्खीच, वर मलाच दटावणी, "आबा, तू नीट मोडत नाहीस." जेवताना तिने मोडलेला तुकडा प्रत्येकाला ओळखून दाखवावा लागतो.

हल्ली आमच्याकडे भाजीचा बेत चवीवर ठरत नाही, निवडायला किती वेळ लागतो त्यावर ठरतो. दुधी दोन मिनिटांत चिरून होतो, म्हणून तो हद्दपार. मेथी, गवार, फरसबी यांना मानाचं पान. उद्याही सुट्टी आहे आणि सुनेने अळू आणून ठेवलंय. अळू खाजतं, ते काही पोरीच्या हाती देता येत नाही. सुनेला म्हटलं, "अगं, अळू परवा कर. उद्याला जरा जून गवार मिळते का बघ, किलोभर."