खुळ्या पाद्र्यांना मुजरा

इरॅस्मसने 1511 साली खुळेपणाच्या स्तुतीचं पुस्तक छापलं. त्याच शतकात पोर्तुगिजांचे पाद्री आमच्या साष्टीत, म्हणजे आजच्या अंधेरी-बोरिवली-मुलुंडच्या भूमीवर उतरले. त्यांच्यातल्या खुळ्यांची स्तुती मला करायची आहे, आणि ती मनापासून.

आधी शहाण्यांचं सांगतो. अंतोनियु द पोर्तु या फ्रान्सिस्कन पाद्र्याने बोरिवलीच्या मंडपेश्वरला शिवाच्या लेण्यात चर्च थाटलं. आजही तिथे झिजलेला नटराज दिसतो, भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस दिसतो, वर टेकडीवर चर्चचे पडके अवशेष आहेत. जुनं झाकायचं आणि त्यावर नवं मांडायचं, असा सरळ व्यवहार. दगडापुरता तो जमला.

भाषेपाशी मात्र काहींचं व्यवहारज्ञान सुटलं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला. लोकांची पुराणं सुटावीत म्हणून धडपडणाऱ्या पंथातला हा माणूस, आणि त्याने लिहिलं काय, तर पुराणच! जुनी पुराणं बंद झाली, आता आम्ही वाचायचं काय, हा नवख्रिस्ती ब्राह्मणाचा प्रश्न त्याने ग्रंथाच्या आरंभीच मांडला आहे. प्रश्नोत्तरं घोकून घेऊन त्याला गप्प करता आलं असतं. स्टीफन्स सुमारे अकरा हजार ओव्या रचत बसला. तारणारा येणार, हे इस्रायलच्या संदेष्ट्यांचं भाकीत ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात बोलू लागलं, आणि स्वर्गाला त्याने बेलाशक वैकुंठ म्हटलं. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून 1616 मध्ये राचोलला हे सारं रोमन लिपीत छापलं. ज्या धर्माला हरवायचं त्याचाच छंद आणि त्याचाच शब्द डोक्यावर घेण्याइतकं हे प्रेम होतं. बाटवाबाटवी आणि इन्क्विझिशन मी विसरलेलो नाही. म्हणूनच हे खूळ मला मोलाचं वाटतं.

आमच्या साष्टीचा खुळा वेगळाच. फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश याने ख्रिस्ताची कथा मुंबई-वसईच्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीत रचली. तीही पुराण म्हणूनच ओळखली गेली आणि 1659 मध्ये थेट लिस्बनला छापली गेली. तिथल्या खिळे जुळवणाऱ्याला त्यातलं अक्षरही कळलं नसेल.

मग पुन्हा शहाणे आले. 1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. ते फर्मान लोकांच्या तोंडातली भाषा काढू शकलं नाही. पुढे 1739 मध्ये चिमाजी अप्पाने वसई घेतली, आणि साष्टीतून पोर्तुगीज सत्ता गेली. बोली मात्र राहिली. मरोळच्या, गोराईच्या गावठाणांत ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच ख्रिस्ती लोकांच्या, लग्नात उंबराचं पाणी आणायला निघालेल्या बायका गातात त्या मराठीतच. तरी शेजारच्या टॉवरमधला कुणी त्यांना विचारतोच, ‘तुम्ही एवढं छान मराठी कुठे शिकलात?’ विचारणारा मराठी असला की मला जास्त लाज वाटते.

स्टीफन्सच्या मराठीस्तुतीच्या चार ओव्या तरी आपल्या कानावर असतात. गिमारांइशचं नावही नसतं. ज्याने उपनगरांतली सतराव्या शतकातली बोली छापून ठेवली, त्याचं पुराण अंधेरी-बोरिवलीच्या प्रत्येक मराठी ग्रंथालयात, संतवाङ्मयाच्याच कपाटात असायला हवं.