लाडक्यांचा तक्ता

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर जे कॅप्टन राहतात, त्यांच्या मते जगात दोनच प्रकारचे वैमानिक आहेत : मॅनेजमेंटचे लाडके आणि ते स्वतः. एअरबस ए 320 घेऊन हा माणूस जुलैच्या पावसात, आडव्या वाऱ्यात मुंबईला अलगद उतरतो. त्याचा जीव वरखाली होतो तो जमिनीवर, महिनाअखेरीला, पुढचं रोस्टर लागतं तेव्हा.

रोस्टर मोबाइलवर येतं. कॅप्टन चष्मा पुसतात, वहिनींना चहा टाकायला सांगतात आणि "वाटलंच होतं" असं म्हणतात. रोस्टर उघडतात ते त्यानंतर.

"पाटणा! परत पाटणा! पहाटे सव्वातीनचं पिकअप. आणि त्याला? फुकेत. तेही मुक्कामी."

'तो' म्हणजे लाडका. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे कॅप्टन त्याचं नाव घेत नाहीत. पण त्याची फुकेतला जाण्याची वेळ त्यांना पाठ असते. त्या वेळी ते गॅलरीत उभे राहतात. आमच्या डोक्यावरून विमान गेलं की आधी फ्लाइटरडारवर खात्री करून घेतात आणि मग मला हाक मारतात, "या, बघा. चालला."

पाटण्याची धावपट्टी आखूड, त्यात वाटेवर जुन्या सचिवालयाचा घड्याळाचा मनोरा. "अशा जागी हात बसलेलाच माणूस पाठवत असतील," मी एकदा सांत्वनाच्या सुरात म्हणालो.

"कौतुक करायचं आणि राबवून घ्यायचं. जुनी पद्धत आहे त्यांची."

दिल्लीच्या दाट धुक्यात उतरायला कॅट-थ्रीचं प्रशिक्षण लागतं. ते कॅप्टननी अर्जावर अर्ज करून मिळवलं. तेव्हापासून हिवाळा आला की त्यांना दिल्ली ठरलेली, आणि तेव्हापासून ते प्रशिक्षण म्हणजे त्यांच्यासाठी रचलेला सापळा ठरलं. लेहचंही तेच. दहा हजार फुटांवरचा विमानतळ, दुपारी वारं बिघडतं, म्हणून विमानं सकाळीच न्यायची. त्यासाठी वेगळी तयारी करून घेतात. पहिल्या तुकडीत लाडका गेला तेव्हा कॅप्टन चार दिवस धड जेवले नाहीत. दुसऱ्या तुकडीत यांचं नाव आलं, तर म्हणाले, "पहाटे उठणारा गडी हवा असणार."

या सगळ्याचा त्यांच्याकडे एक्सेलमध्ये तक्ता आहे. रात्रीची लँडिंग लाल, परदेशी मुक्काम हिरवा, स्टँडबाय पिवळा. मी सोसायटीचा खजिनदार आहे. एवढे चोख हिशेब आमच्याकडे असते तर ऑडिटरच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. पिवळ्या रंगावर कॅप्टन विशेष बोलतात. "स्टँडबाय म्हणजे काय, तर युनिफॉर्मला इस्त्री करून फोनकडे बघत बसायचं. ऐनवेळी कुणी आजारी पडलं की आपण धावायचं. आजारी कोण पडतो? तो. आणि कधी पडतो? त्याला पाटणा लागलं की."

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, ड्युटीच्या तासांचे नवे नियम 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, रात्रीच्या ड्युटीतल्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. कॅप्टननी मजल्यावर पेढे वाटले. आमच्या तोंडातला पेढा विरघळायच्या आत त्यांना शंका आली, की लाडक्याच्या तर आधीही दोनच होत असणार. म्हणजे नियम सगळ्यांना लाडक्याच्या पंगतीला बसवायला निघाला, यात आपलं विशेष काय राहिलं?

वहिनी म्हणतात, "यांना सुट्टी मिळाली तरी गोड लागत नाही. दुसऱ्याला किती मिळाली ते कळेपर्यंत झोप नाही."

एकदा मी धीर करून म्हटलं, "अहो, रोस्टर हल्ली माणूस कुठे करतो? सॉफ्टवेअर करतं. ते आधी फेऱ्यांच्या साखळ्या जुळवतं, मग नियम, रजा, मेडिकल, प्रशिक्षण, खर्च बघून त्या वाटून टाकतं. त्याला कोण लाडका आणि कोण दोडका?"

"सॉफ्टवेअरला नसेल. सॉफ्टवेअरपुढे जो बसतो त्याला असतो. आणि खरा खेळ रोस्टर लागल्यावर सुरू होतो. आज हातात असलेली ट्रिप उद्या दुसऱ्याच्या नावावर दिसते. का, म्हणून विचारा. 'ऑपरेशनल कारण.' बस्स."

इथे मात्र मी गप्प झालो, कारण मुद्दा खरा होता. का ते कुणी सांगितलं नाही, की माणूस आपल्या पदरचं कारण घालतो, आणि वशिल्याइतकं आयतं कारण आपल्याकडे दुसरं मिळत नाही. फक्त एक कोडं मला सुटत नाही. प्रवाशांनी भरलेलं विमान हेच कॅप्टन ऑटोपायलटच्या हवाली करून निर्धास्त कॉफी पितात. संगणक विमान उडवतो यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. संगणक पाटणा लावतो, हे त्यांना पटत नाही. पाटण्यामागे माणूसच हवा. संगणकावर रागवायचं कसं?

"मग अमेरिकेसारखं करावं," मी तोडगा काढला. "तिथल्या मोठ्या कंपन्यांत रुजू झाल्याच्या तारखेवरून ज्येष्ठता क्रमांक मिळतो. वरचा आधी आपल्या पसंतीच्या ट्रिपा मागतो, उरलेल्या खालच्याला. मर्जीचा प्रश्नच नाही."

कॅप्टन बराच वेळ विचारात पडले. "तो माझ्या आधी अकरा दिवस जॉइन झालाय."

"मग?"

"मग त्याला आधी का बोलावलं?"

अखेर गेल्या वर्षी कॅप्टनना फुकेत मिळालं. दुपारचं उड्डाण, समुद्रकाठचं हॉटेल, रात्रीचा मुक्काम. मी अभिनंदनाला गेलो तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. "तारीख बघा," त्यांनी मोबाइल पुढे केला. गणेश चतुर्थी. "आमचा दीड दिवसाचा असतो हे त्यांना बरोबर माहीत आहे. मी परत येईन तो विसर्जनाला. आणि लाडका? घरी. मोदक खात."

मग परवा आणखी एक गोष्ट घडली. दिल्लीहून विमान आणायचं होतं, म्हणून कॅप्टन डेडहेडवर, म्हणजे युनिफॉर्ममध्येच पण प्रवासी म्हणून निघाले. शेजारच्या सीटवर नेमका लाडका. पाणी आलं, सँडविच आलं, आणि लाडक्याने सुस्कारा सोडून टॅब उघडला. त्यात तक्ता. रंग निराळे, रकाने तेच. लाडक्यांच्या यादीत पहिलं नाव आमच्या कॅप्टनचं. पुढे पुरावे : कॅट-थ्री मागताच मिळालं, लेहला दुसऱ्या तुकडीत म्हणजे पहिल्यांनी ठेचा खाल्ल्यावर, आणि ऐन सणात फुकेत.

हे सांगताना कॅप्टनचा आवाज कातर झाला होता. मला वाटलं, चला, सुटला एकदाचा तिढा.

"आता तरी पटलं ना?" मी विचारलं.

"पटलं तर! काय डोकं आहे बघा त्यांचं," कॅप्टन म्हणाले. "लाडका म्हणून बदनामी माझ्या नावावर, आणि ट्रिपा त्याच्या!"